निवडणूक घेतली, मग आलो

रामजी हवालदारावर मी पहिल्यांदा चिडलो तो महाडात, १९९६ च्या मे महिन्यात, सव्वाशे माणसांदेखत. आमच्या उन्हाळी व्याख्यानमालेत माझं भाषण होतं. 'शेजारी देशांत लोकशाही रुजवणे हे भारताचे कर्तव्य आहे काय?' हा विषय मीच सुचवलेला, उत्तरही माझं ठरलेलं. घर माझं महाडात, नोकरी पोलादपूरच्या हायस्कुलात; आठवडाभर तिथेच खोलीवर राहायचो. इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायचो. नागरिकशास्त्र मुलं परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी वाचतात, तेही वाचलं तर. त्यामुळे माझं म्हणणं कुणी ऐकून घेण्याचा योग वर्षातून एकदाच यायचा आणि तो मी सोडत नसे.

मी तासभर बोललो. ब्रह्मदेशात लष्कराने निवडणुकीचा निकाल गुंडाळून ठेवला तेव्हा आपण आधी ओरडलो आणि मग हळूच सलगी करायला लागलो, यावर बोललो. नेपाळवर बोललो. शेजारी हुकूमशहांना चार शब्द सुनवायची दिल्लीची छाती का होत नाही, असं विचारून टाळ्या घेतल्या. शेवटी श्रीलंकेवर आलो आणि म्हणालो, तिथे आपण फौज पाठवली, निवडणूक घडवून आणली, त्याचा एक साक्षीदार आपल्यात आहे.

तो साक्षीदार म्हणजे रामजी. पोलादपूरच्या वरच्या डोंगरातल्या एका वाडीचा, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, चाळिशी नुकती ओलांडलेला. त्याची मुलगी पूनम माझ्या आठवीच्या वर्गात होती, तिच्याकडून मला बाप श्रीलंकेत जाऊन आल्याचं कळलं होतं. इस्त्रीचा सदरा घालून तो माइकसमोर उभा राहिला, एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "आमी तिकडं निवडनूक घेतली. मग आमी आलो." एवढं बोलून नमस्कार केला आणि जागेवर जाऊन बसला.

लोक हसले. अध्यक्ष हसले. माझ्या तासभराच्या भाषणाचा पार चोथा झाला. परतीच्या एस.टी.त मी त्याच्याशी पोलादपूरपर्यंत एक शब्द बोललो नाही, आणि गंमत म्हणजे त्याला ते कळलंसुद्धा नाही. उतरताना म्हणाला, "या एकदा वर, सर. दूध-दुभतं हाय घरचं."

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी मी गेलो. दुधासाठी नाही, जाब विचारायला. एस.टी. जिथे सोडते तिथून वाडी दीड तासाच्या चढावर. चाळीस घरं, नाचणी-वरीची शेती, आणि घरटी चार-सहा गुरं. ही गुरं राखायची तिथली पद्धत मला आवडली. रोज एका घराची पाळी. त्या घरच्या माणसाने सगळ्या वाडीची गुरं हाकून डोंगरावर न्यायची आणि दिवेलागणीला परत आणायची. म्हणजे वर्षभरात तुमच्यावर नऊ-दहा दिवसच पडतात, बाकीचे दिवस शेतीला मोकळे. मी म्हटलं, हवालदार, ही खरी लोकशाही. त्याची बायको बायजा चुलीपाशी होती, ती हसली.

चहा झाल्यावर मी विषय काढला. असं दोन वाक्यांत उरकलंत ते का, म्हटलं. तंबाखू मळता मळता त्याने सांगितलं.

अठ्ठ्याऐंशी साली त्याची तुकडी उत्तरेकडच्या एका लहानशा गावात होती. तिथे प्रांताच्या कौन्सिलची निवडणूक लावलेली. बंडखोरांनी धमकी दिली होती की जो उभा राहील त्याला मारू. त्यामुळे उभं राहायला कुणी धजत नव्हतं. रामजीच्या गस्तीच्या वाटेवर एका निवृत्त शिक्षकाचं घर होतं. नल्लतंबी मास्तर. गणित शिकवलेला माणूस. विहिरीचं पाणी द्यायचा, रामजीला तमिळमध्ये दहापर्यंत आकडे शिकवलेले. एके दिवशी मास्तरने विचारलं, तुझं काय मत, मी उभा राहू का? आणि रामजी म्हणून गेला, राहा मास्टर, हम है ना. वरिष्ठांनी सांगितलं नव्हतं, हुकूम नव्हता, त्याच्याच तोंडून निघालं. मास्तरने विचारलं, तुम्ही किती दिवस आहात? रामजी म्हणाला, हम किधर जाता है.

मास्तरने अर्ज भरला. समोर कुणीच नाही, बिनविरोध निवडून आला. वर्षभर रामजी आणि त्याचे चार जण मास्तरच्या दारावर पाळीपाळीने उभे. मग तिकडचं सरकार बदललं, ते म्हणालं तुमची फौज न्या. इकडचंही बदललं, ते म्हणालं या परत. नव्वदच्या मार्चमध्ये रामजीची तुकडी निघाली. निघायच्या दिवशी मास्तर तळाच्या फाटकापर्यंत आला आणि ताडगुळाची एक लहानशी परडी रामजीच्या हातात दिली.

"आणि तुम्ही घेतलीत?" मी विचारलं.

"देत होता. नाय कसं म्हनू?"

पुढे मास्तरचं काय झालं, मी विचारलं. त्याला माहीत नव्हतं. पत्र टाकलं नाही का, तर नाही. काय तोंडाने टाकायचं, म्हणाला. मला सांगायला लाज वाटते, पण त्या वेळी मला या सगळ्यावर दया आली नाही, राग आला. असा सोन्यासारखा अनुभव, आणि हा माणूस माइकसमोर दोन वाक्यं बोलून बसतो! परतताना मी मनात पुढच्या वर्षीच्या भाषणाची टिपणंसुद्धा काढली. 'धोरणातील सातत्याचा अभाव' असा एक मुद्दा होता त्यात. कपाळ माझं.

पुढच्या वर्षी, सत्त्याण्णवच्या दिवाळीच्या सुमारास, त्यांच्या ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. वाडीच्या प्रभागातली जागा महिलांसाठी राखीव निघाली. त्या वाडीत स्वातंत्र्यापासून मतदान कधी झालेलं नव्हतं. गावकी देवळात बसायची, मुंबईची मंडळी त्यासाठी रजा काढून यायची, एक नाव ठरायचं, देवापुढे नारळ ठेवला की संपलं. बिनविरोध. याचा त्यांना केवढा अभिमान! गावकीचा म्होरक्या श्रीपत मला एकदा म्हणालाही होता की, आमच्यात भांडण नाही सर, म्हणून मतपेटी लागत नाही. यंदा गावकीने श्रीपतच्या सुनेचं नाव ठरवलं. सून बिचारी चौघांत मान वर करून बघायची नाही. म्हणजे पंचायतीत कोण बसणार ते उघड होतं.

पाण्याची टाकी श्रीपतच्या आळीत, रस्त्याची खडी श्रीपतच्या दारापर्यंत. बायजाच्या बाजूच्या बायका अजून झऱ्यावरून हंडे वाहत होत्या. मी दिवाळीत वर गेलो तेव्हा ते बोलणं निघालं आणि मी पेटलो. वहिनी, म्हटलं, राखीव जागा काय श्रीपतरावांच्या ओटीवर बसायला ठेवलीय? घटनेने हक्क दिलाय तुम्हाला. भरा अर्ज. दोन वर्षं ज्या तळमळीने मी ब्रह्मदेशाबद्दल बोलत होतो तीच सगळी तळमळ त्या ओसरीवर ओतली. बायजा ऐकत होती. भांडं घासता घासता तिने विचारलं, "फारम कुठं भेटतो, सर?"

रामजी मात्र दावं वळत बसला होता. मला वाटलं, झालं, फौजी गडी पण बायकोला उभं करायला कचरतोय. मी म्हणालोही तसं. चिडला नाही. त्याने फक्त विचारलं, "तुमी किती दिवस हाव पोलादपुरात?"

"मी कुठं जातोय?" मी म्हणालो.

खरं सांगायचं तर महाडच्या शाळेत बदली मिळावी म्हणून आमच्या संस्थेकडे माझा अर्ज तेव्हा वर्षभर पडलेला होता. मी खोटं बोललो असं नाही. माझ्या ते लक्षातच नव्हतं. आणि लक्षात नसणं हे खोटं बोलण्यापेक्षा वाईट, हे मला पुढे कळलं. रामजी बायजाकडे बघून म्हणाला, "भर गो मग." आणि गोठ्यात निघून गेला.

अर्ज मीच भरून दिला. सूचक म्हणून मुंबईहून परत आलेला एक चांगू नावाचा रिक्षावाला मिळाला, त्याचं श्रीपतशी जुनं वाकडं होतं. अर्ज मागे घ्यायच्या दिवसापर्यंत गावकीची माणसं रोज रामजीच्या ओसरीवर. आधी गोडीगुलाबी, मग देवाची आण, मग सरळ धमकी: वाडीचा रिवाज मोडलास तर वाडी तुझी नाही. रामजीने एकदाही उलट उत्तर दिलं नाही आणि अर्जही मागे घेतला नाही. मी तालुक्याला दोन चकरा मारल्या, कर्मचाऱ्यांना सांगून ठेवलं, मतदानाला पोलीस मिळेल याची खात्री करून घेतली. अगदी छाती फुगवून फिरत होतो. आपल्या हातून काहीतरी घडतंय असं वाटत होतं.

आणि घडलं. मतं पडली सत्त्याण्णव. कपबशीवर, म्हणजे बायजाच्या चिन्हावर, बावन्न. श्रीपतच्या सुनेला त्रेचाळीस. दोन बाद. पेटी उघडली तेव्हा मी तिथेच होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, बघा, माणसाला पडद्याआड एकटं सोडलं की तो कसा खरं बोलतो. बायजा पदराने तोंड झाकून हसत होती. रामजीने माझा हात धरला आणि सोडेचना. मला वाटलं आनंदाने.

तिसऱ्या दिवशी गावकी बसली आणि रामजीचं घर वाळीत टाकलं.

आता हे नीट समजून घ्या, कारण इथे माझं डोकं आजही भणभणतं. चाळीस घरं. बायजाला बावन्न मतं. स्वतःची, रामजीची, चांगूची अशी पाच-सहा सोडली तरी पंचेचाळीस माणसांनी गुपचूप तिच्या कपबशीवर शिक्का मारला होता. आणि त्याच पंचेचाळीस माणसांनी देवळात बसून माना हलवल्या की या घराशी बोलायचं नाही, त्यांच्या घरी जायचं नाही, त्यांना बोलवायचं नाही. झऱ्यावर बायजा आली की बाया हंडे उचलून बाजूला. तिने कुणाला हाक मारली की समोरची बाई बहिरी. मत दिलं आणि ओळख काढून घेतली! चांगू तर दोन दिवसांत मुंबईला पसार झाला. अरे, भ्यायचंच होतं तर मत कशाला दिलंत? आणि दिलंत तर भिता कशाला? हे मी एका म्हातारीला, प्रयागबाईला, पायवाटेवर गाठून विचारलं. ती इकडेतिकडे बघत म्हणाली, "पेटीत कोन बगतो बाबा? देवळात सगली बगतात." आणि झपाझपा निघून गेली.

सगळ्यात वाईट म्हणजे गुरांची पाळी. रामजीची सहा गुरं वाडीच्या कळपातून काढली. म्हणजे आता वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस रामजीने किंवा बायजाने डोंगरावर जायचं. शेत कधी करायचं, बायजाने पंचायतीच्या सभेला कधी जायचं? जानेवारीत तो सभेला तिला सोडायला गेला, पूनमने शाळा बुडवून गुरं नेली, आणि त्याच दिवशी एक कालवड बिबट्याने नेली. कळप मोठा असला की बिबट्या सहसा येत नाही, सहा गुरांचा कळप म्हणजे त्याला आमंत्रणच. पूनम माझ्या वर्गात दुसऱ्या दिवशी आली ती दहावीच्या पुस्तकातलं नागरिकशास्त्र उघडून मान खाली घालून बसली. मला त्या दिवशी शिकवता आलं नाही.

मग मी हात-पाय मारले. अर्ज केले, वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, ते छापूनही आलं, चार ओळींत. शेवटी एक साहेब चौकशीला वर आले. मीही गेलो. देवळात अख्खी वाडी जमली होती. साहेबांनी विचारलं, या घराला वाळीत टाकलंय का? सगळे एकमेकांकडे आश्चर्याने बघायला लागले. वाळीत? छे छे, साहेब, आमच्यात तसलं काय नाय. श्रीपतने तर रामजीच्या खांद्यावर हात ठेवला. मी उठून म्हणालो, मग यांची गुरं कळपात का नाहीत? श्रीपत म्हणाला, हवालदाराची गुरं मारकी हायत, सर. साहेबांनी लिहून घेतलं की गावात सलोखा आहे, आणि जेवायला श्रीपतकडेच बसले. ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं मी पाहिली होती, इथे अख्ख्या वाडीने मिळून लपवलं. रामजी म्हणाला, "तिकडं पन असंच. मोठे साहेब आले की सगला गाव हसायचा."

तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात काहीतरी हललं. पण मी ते पुढे जाऊ दिलं नाही.

बायजा खंबीर होती, हे सांगितलं पाहिजे. एका वर्षात तिने झऱ्यावरून आपल्या बाजूला पाइपलाइन मंजूर करून आणली. नळ आला तेव्हा त्याच बाया, तिच्याशी न बोलता, त्याच नळावर पाणी भरायला लागल्या. मी म्हटलं, वहिनी, बंद करा हो त्यांचं पाणी. ती म्हणाली, बंद करून काय करू सर, माजंच गाव हाय. मी मात्र धुसफुसत राहिलो. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं आणि ते कुठूनच वाटत नव्हतं.

आणि नव्व्याण्णवच्या मेमध्ये माझ्या हातात बदलीचा हुकूम पडला. महाडला. मी अडीच वर्षांपूर्वी मागितला होता तोच.

नाकारता आला असता. मुख्याध्यापक म्हणालेसुद्धा, इथं राहायचं असेल तर वरती कळवतो. पण आईचं गुडघ्याचं दुखणं होतं, गंधार, माझा मुलगा, दहावीला जाणार होता, दर शनिवारची ये-जा अंगावर आली होती. सगळी कारणं खरी. माणूस निघायचं ठरवतो तेव्हा खऱ्या कारणांना काही तोटा नसतो. फौज परत बोलावताना दिल्लीकडेही अशी कारणं नसतील असं नाही. सही केली आणि वाडीवर सांगायला गेलो.

रामजी गुरं घेऊन डोंगरावर होता. मी तिथेच गेलो. सांगितलं. महाड काही लांब नाही, म्हटलं, तासाभराचा तर रस्ता. येत राहीन. सुट्टीत येईनच. काही लागलं तर फोन करा, शेजारच्या दुकानाचा नंबर देतो. मी बोलतच सुटलो. तो काठीवर हनुवटी टेकून ऐकत होता. मला वाटलं, आता तरी हा माणूस चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त विचारलं, "कदी निघताय?"

सोमवारी, म्हटलं, साडेनऊच्या गाडीने.

सोमवारी पोलादपूरच्या स्टँडवर मी सामान घेऊन उभा होतो. सव्वानऊला दोघे आले, बायजा आणि रामजी. एवढ्या सकाळी डोंगर उतरून आलेले. गुरं पूनमकडे होती का, विचारलं, तर नाही, गोठ्यात बांधून आलोय, तिचा बारावीचा क्लास आहे, असं म्हणाले. रामजीने माझ्या दोन बॅगा गाडीत चढवल्या, सीटखाली नीट सरकवल्या. बायजाने पदराखालून एक स्टीलचा डबा काढला. लोणकढं तूप होतं, अजून कोमट. सहा गुरांपैकी पाच उरलेल्या घरातलं.

मी हात मागे घेतला. म्हणालो, मला नको, तुम्हाला लागेल, मुलीला लागेल.

रामजीने डबा तिच्या हातातून घेतला आणि माझ्या हातात ठेवला. "घ्या, सर," तो म्हणाला. "मी पन घेतला होता."

मी डबा घेतला. कंडक्टरने घंटी मारली. खिडकीतून बघितलं तर ते दोघे थांबले नव्हते, वाडीच्या वाटेला लागलेसुद्धा होते. गुरं सोडायची वेळ टळत चालली होती, आणि त्यांची गुरं राखायला वाडीत दुसरं कुणी नव्हतं.